लब आणि डब यांच्या मधला आवाज

डोंबिवलीतल्या एका ज्युनियर कॉलेजात मी एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. निरोपसमारंभात एक माजी विद्यार्थी बोलायला उभा राहिला. "सबनीस मॅडमनी किती डॉक्टर घडवले याची गणती नाही," असं तो म्हणाला आणि टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला असेल. माझ्या डोळ्यांसमोर त्या वेळी मयूरी साळवी होती, आणि तिचं जर्नल. त्यात मी माझ्या हाताने, लाल शाईने, एक खोटा आकडा लिहिला होता.

ही गोष्ट मी घरीसुद्धा कधी पूर्ण सांगितलेली नाही. आता नोकरी नाही, कुणी मेमो देणार नाही, म्हणून सांगते आहे. माझं धैर्य एवढंच.

आधी आमच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. अकरावी-बारावीला शरीरशास्त्र शिकवणाऱ्या बाईला दोन कामं असतात. एक म्हणजे वर्गात फळ्यावर हृदय काढणं. उजवी बाजू निळी, डावी लाल, आणि बाण. ते कुणीही काढतं. दुसरं काम तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत. तिथे आमच्याकडे फॉर्मॅलिनच्या बरण्या होत्या, खालचा जबडा तारेने बांधलेला प्लॅस्टिकचा सांगाडा होता आणि प्रयोगशाळेचे परिचर म्हात्रेमामा होते. मामा जवळच्याच गावातले आगरी. हृदयाचं प्रॅक्टिकल आलं की मटणाच्या दुकानातून बोकडाचं हृदय तेच निवडून आणायचे, आणि "मॅडम, आज एकदम फस्क्लास भेटला" असं सांगत ट्रेमध्ये मांडायचे.

प्रॅक्टिकलचा खरा उद्देश मुलांना स्वतःच्या शरीराची ओळख करून देणं हा. सतरा वर्षांच्या मुलाला आपलं यकृत कुठल्या बाजूला आहे हे चित्रात दाखवता येतं, पोटावर हात ठेवून दाखवता येत नाही. रक्तगट तपासायला बोटाला सुई टोचली की सगळ्यात आधी व्यायामशाळेत जाणारे धिप्पाड मुलगे चक्कर येऊन पडायचे. एकाने स्टेथोस्कोप मित्राच्या छातीच्या पार उजवीकडे लावून "मॅडम, हा गेलाय" असं जाहीर केलं होतं. पण नीट जागी लावून पहिल्यांदा आपलंच हृदय ऐकलं की दंगेखोर मुलंसुद्धा गप्प व्हायची. तो क्षण पाहायला मला फार आवडायचं. मी सांगायचे, लब म्हणजे वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपा मिटल्या, डब म्हणजे मोठ्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी असलेल्या झडपा मिटल्या. मध्ये शांतता. झडपा नीट मिटतात म्हणून ती शांतता असते.

पुढे पुढे हे सगळं उरलं नाही. प्रवेशपरीक्षेच्या क्लासांनी मुलं नेली. कॉलेजात नाव, दिवसभर क्लासात मुलगा, अशी पद्धत पडली. ऐंशीच्या वर्गात प्रॅक्टिकलला बारा-पंधरा मुलं यायची. बाकीची वर्षाच्या शेवटी कुणाचं तरी जर्नल उतरवून आणून द्यायची. नाडीच्या प्रयोगाचं पान उघडलं की सगळीकडे बहात्तर. क्रिकेट खेळणारा, अशक्त, घाबरट, जाडा, सगळ्यांची नाडी मिनिटाला बहात्तर. आम्ही शिक्का मारायचो. बाहेरून येणारे परीक्षकही तेच करून आलेले असायचे.

अजून एक गोष्ट सांगितली नाही तर पुढचं कळणार नाही. जीवशास्त्र शिकवणारे आम्ही बहुतेक सगळे डॉक्टर व्हायचे राहून गेलेले. माझे थोडेच मार्क कमी पडले होते. ती हौस कुठेतरी शिल्लक होती. एका वर्षी एका मुलाचे तळहात पिवळे दिसले आणि मी त्याला भर वर्गात सांगितलं, तुला कावीळ आहे, ताबडतोब घरी जा. आईवडील घाबरले, तपासण्या झाल्या. निघालं असं की मुलगा बॉडी कमवायला रोज गाजराचा रस पीत होता, त्याचा तो रंग. डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच होता. डॉक्टरने आधी डोळे पाहिले असते, मी तळहात पाहून थांबले. वडील येऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये इतके ओरडले की बाहेर ऑफिसातले लोक उभे राहिले. मला लेखी मेमो मिळाला, विद्यार्थ्यांना वैद्यकीय सल्ला देऊ नये. त्याखाली मी सही केली. स्टाफरूममध्ये पुढे कितीतरी दिवस मला 'डॉक्टरीणबाई' म्हणायचे. कुणाला सर्दी झाली तरी, "बघा हो, गाजर तर नाही ना."

मी हसून घ्यायचे. पण ते लागलं होतं.

त्यानंतर दोन वर्षांनी मयूरी माझ्या बारावीच्या वर्गात आली. शहाडहून यायची. क्लास लावलेला नव्हता, त्यामुळे प्रत्येक प्रॅक्टिकलला हजर. गव्हाळ, किडकिडीत, अक्षर मोत्यासारखं. तिला नर्स व्हायचं होतं. डॉक्टर नाही, नर्सच. "डॉक्टर दोन मिनिटं येतो मॅडम, पेशंटजवळ नर्सच असते," असं तिने मला सांगितलं होतं.

तिचा एकच दोष माझ्या नजरेत यायचा. तिसऱ्या मजल्यावर पोहोचायला तिला नेहमी उशीर व्हायचा. एकदा मी चिडून दारातच उभी होते, तर म्हात्रेमामा खालून येत म्हणाले, "ती पोर जिन्यान बसलीय मॅडम. दम लागलाय तिला जाम."

ती आली तेव्हा मी म्हटलं, "अगं, या वयात जिने चढताना बसतेस? सकाळी काही खात नाहीस का?"

"खाते मॅडम. सॉरी मॅडम."

मी तिला बीट आणि खजूर खायला सांगितलं. तेवढा सल्ला मेमोच्या बाहेरचा होता.

मग हृदयाच्या ठोक्यांचं प्रॅक्टिकल आलं. जोड्या करून एकमेकांचं ऐकायचं, आधी बसून, मग वीस उठाबशा काढून. मयूरीची जोडीदार रिचा नावाची मुलगी होती, तोंडाने फटकळ. ती मोठ्याने ओरडली, "मॅडम, हिचं लब-डब येतच नाहीये! लब फुस्स डब येतंय!"

सगळे हसले. मयूरीही हसली.

मी जाऊन रिचाच्या हातातून स्टेथोस्कोप घेतला आणि स्वतः ऐकलं. लब आला. त्यानंतर जिथे काही ऐकू यायला नको तिथे एक लांब फुंकर होती, शिट्टी होण्याआधी कुकरमधून वाफ निसटते तशी. मग डब. पुन्हा तेच. पुन्हा तेच. नाडी मोजली, बसल्या जागी एकशे आठ. उठाबशा अजून काढायच्याच होत्या.

"स्टेथोस्कोप जुना झालाय," मी म्हणाले. "नळी कुठेतरी फाटली असेल."

मुलांनी ते मानलं. मी मात्र तोच स्टेथोस्कोप रिचाच्या छातीला लावला आणि ऐकलं. लब, डब. मधे स्वच्छ शांतता. म्हणजे नळी फाटलेली नव्हती आणि ते मला त्याच क्षणी कळलं होतं. इतकी वर्षं जी झडप मी खडूने काढत आले ती माझ्या कानाशी बिघडलेली वाजत होती. मी मयूरीला उठाबशा काढायला लावल्या नाहीत, एवढं केलं.

तास संपल्यावर तिला थांबवलं. "एकदा डॉक्टरांना दाखवून घे हं," मी म्हटलं. एखादीला केस बांधून येत जा असं सांगावं, इतक्या सहज.

"काय झालंय मॅडम?"

"काही नाही गं. ठोके जरा जलद आहेत. मी काही डॉक्टर नाही, पण दाखव."

आईवडिलांना बोलावून घेता आलं असतं. चिठ्ठी देता आली असती. ऑफिसात तिच्या वडिलांचा फोन नंबर होता. मी फोनपाशी गेलेही. तिथे क्लार्कने विचारलं, "काय मॅडम, कुणाला फोन?" मला ते गाजर आठवलं, केबिनमधला आरडाओरडा आठवला, आणि मी म्हटलं, "काही नाही, राहू दे."

पुढच्या आठवड्यात जर्नलं तपासायला आली. मयूरीने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, नाडी एकशे आठ. खाली निरीक्षणात सुंदर अक्षरात, 'पहिल्या व दुसऱ्या ध्वनीच्या मध्ये आणखी एक ध्वनी ऐकू आला.' मी तिला बोलावलं. बोर्डाचे परीक्षक येणार होते. असलं काही दिसलं की ते तोंडी परीक्षेत त्यावरच प्रश्न विचारतात, मुलं गोंधळतात, मार्क जातात, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले होते. निदान मी स्वतःला तसं सांगितलं. मी लाल पेनने एकशे आठ खोडलं, वर बहात्तर लिहिलं आणि खालच्या वाक्यावर एक रेघ मारली.

"मॅडम, पण आलेलं ना ऐकू?" ती म्हणाली.

"परीक्षेत नॉर्मल लिहायचं असतं, मयूरी."

"बरं मॅडम."

महिन्याभराने मी विचारलं, दाखवलंस का? ती म्हणाली, "हो, घराजवळच्या डॉक्टरांना. त्यांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्यात." त्यांनी छाती तपासली का, असं मी विचारलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. डॉक्टरने पाहिलंय, आता माझी जबाबदारी संपली. त्या रात्री मला नीट झोपही लागली असेल, आठवत नाही. बारावीला तिला जीवशास्त्रात सगळ्यात जास्त मार्क पडले. पेढे घेऊन आली होती.

मधल्या पाच वर्षांत तिच्याबद्दल मला काहीही कळलं नाही. वर्गामागून वर्ग जातात. एका दुपारी रिचाचा फोन आला. "मॅडम, मयूरी ठाण्याला ॲडमिट आहे. सातवा महिना आहे तिला. हार्टचा प्रॉब्लेम निघालाय. तुमची सारखी आठवण काढतेय."

मी दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला गेले. ती पलंगावर तीन उशांना टेकून जवळजवळ बसलेलीच होती, आडवं पडता येत नव्हतं. नाकाला ऑक्सिजन. पाय सुजून चकचकीत झालेले. मला पाहून तिचा चेहरा इतका उजळला की मला दारातूनच परत फिरावंसं वाटलं.

"सिस्टर," ती शेजारी सलाईन बदलणाऱ्या नर्सला धापा टाकत म्हणाली, "याच आमच्या मॅडम. सांगितलेलं ना तुम्हाला? इथे आल्यावर सगळ्यांना कळलं. आमच्या मॅडमना बारावीतच ऐकू आलेलं."

तिला अभिमान वाटत होता. माझा.

थांबत थांबत तिने मधलं सगळं सांगितलं. लहानपणी ताप येऊन गुडघे सुजायचे. दर महिन्याला एक इंजेक्शन असायचं. बरं वाटायला लागलं तशी इंजेक्शनं बंद झाली. त्या तापानेच झडप आकसत गेली होती आणि गळत होती, असं इथले डॉक्टर म्हणाले. नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, पण वॉर्डात तासन्‌तास उभं राहणं जमेना. वरच्या सिस्टर आळशी म्हणायच्या, घरचे म्हणायचे कामाची सवय नाही. दुसऱ्या वर्षी सोडलं. मग लग्न. गरोदरपणात शरीरातलं रक्त जवळपास दीडपट होतं, हे मी दरवर्षी सांगत आले आहे. चांगलं हृदय ते निभावून नेतं. तिच्या हृदयाला ते पेलवेना.

"मॅडम," तिने विचारलं, "बाळाचं रक्त सेपरेट असतं ना? माझं त्याच्यात मिक्स होत नाही ना?"

"नाही होत," मी म्हटलं. "वारेमध्ये दोन्ही वेगळी वाहतात."

"म्हणजे माझं हार्ट खराब असलं तरी त्याचं चांगलं असेल."

"हो. त्याचं त्याचं वेगळं असतं."

रक्त मिसळत नाही हे खरंच आहे. पण बाळाला प्राणवायू पोचतो तो आईच्या हृदयाच्या जोरावर, हे दुसरं वाक्य मी बोलले नाही. तिलाही ते ठाऊक असणार, मीच तर शिकवलं होतं. तिचा नवरा पलंगाच्या पायाशी उभा होता. कोवळा, गोंधळलेला पोरगा. तो मला पुन्हा पुन्हा "बसा ना मॅडम" म्हणत होता.

मी निघाले तेव्हा तिने माझा हात धरला. "डॉक्टर म्हणाले, तेव्हाच कळलं असतं तर ऑपरेशन झालं असतं. मी म्हटलं, मॅडमनी सांगितलेलं दाखवायला, मीच नीट दाखवलं नाही."

मी तिला 'असं नाही गं' म्हणायला हवं होतं. लाल पेनचं सांगायला हवं होतं. आजूबाजूला माणसं होती, भेटीची वेळ संपत आली होती. मी म्हटलं, "आता विश्रांती घे."

चार दिवसांनी तिची प्रकृती एकदम बिघडली आणि बाळाला लवकर काढावं लागलं. मुलगा होता. तो एक दिवस जगला. त्यानंतर दोन दिवसांनी मयूरी गेली. रिचाने मेसेज पाठवला. मी त्या वेळी वर्गात होते. मी मेसेज वाचला आणि तास पूर्ण केला. मूत्रपिंड शिकवत होते.

जूनमध्ये अकरावीचे प्रवेश सुरू झाले. मी प्रयोगशाळेत एकटीच कपाटं लावत होते. म्हात्रेमामा दाराशी येऊन म्हणाले, "मॅडम, कोण साळवी आल्यात. मयूरीचे वडील हाव सांगतात."

पन्नाशीचा, राठ हातांचा माणूस. सोबत पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, मयूरीसारखीच किडकिडीत. धाकटी, मधुरा. तिच्या प्रवेशाचे कागद एका पिशवीत होते. साळवींनी त्याच पिशवीतून एक जुनं जर्नल काढलं आणि नाडीच्या प्रयोगाचं पान उघडून माझ्यासमोर टेबलावर ठेवलं.

"हे तुमचं अक्षर का, मॅडम?"

"हो."

"माझं शिक्षण जास्त नाही. मी खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक आहे. सकाळी गाडी सोडायच्या आधी इंजिनाला कान लावतो. आवाज वेगळा वाटला तर गाडी सोडत नाही. ड्रायव्हर ओरडतो, साहेब ओरडतात, पॅसेंजर ओरडतात. तरी नाही सोडत. एवढं कामातलं कळतं मला." त्यांनी लाल रेघेवर बोट ठेवलं. "पोरगी शेवटपर्यंत सांगत होती, मॅडमना ऐकू आलेलं. मग हे वर तुम्ही खोडलंय ते का, एवढंच विचारायला आलो."

ते ओरडले असते तर मला स्वतःचा बचाव करता आला असता. धाकटी मुलगी सांगाड्याकडे पाहत होती.

"मला ऐकू आलं होतं," मी म्हटलं. "नीट ऐकू आलं होतं. मी घाबरले. तुम्हाला फोन करायला गेले होते, केला नाही. आणि मग परीक्षेसाठी खोडलं."

"कशाला घाबरलात?"

मी त्यांना गाजराची गोष्ट सांगितली. संपूर्ण सांगितली, मेमोसकट. सांगताना माझ्याच कानाला ती फार क्षुल्लक वाटली. साळवींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मान हलवली. क्षमेची नव्हे. कळलं, एवढ्याच अर्थाची.

"ते यंत्र आहे का इथे?" त्यांनी विचारलं. "हिचं ऐका एकदा."

मी कपाटातून स्टेथोस्कोप काढला. मधुरा स्टुलावर बसली. मी डोळे मिटून ऐकायला लागले आणि मला माझ्याच कानातलं रक्त धडधडताना ऐकू येत होतं, बाकी काही नाही. मी थांबले, पाणी प्यायले, पुन्हा ऐकलं. खूप वेळ ऐकलं. लब, डब. मधे काही नव्हतं, असं मला वाटलं.

"मला साफ ऐकू येतंय," मी म्हणाले. "पण माझ्यावर विसंबू नका. हिची हार्टची सोनोग्राफी करून घ्या. उद्याच. मी येते तुमच्याबरोबर, माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत."

त्यांनी जर्नल मिटलं, पिशवीत ठेवलं. मधुरेला म्हणाले, "चल गं."

दाराशी जाऊन ते वळले. "तुम्ही नका येऊ मॅडम. आम्ही जाऊ."

मधुरेने आमच्या कॉलेजात प्रवेश घेतला नाही. त्यानंतरच्या माझ्या शेवटच्या वर्षी मी प्रत्येक मुलाचं हृदय स्वतः ऐकायचं असं ठरवलं होतं. पहिल्या प्रॅक्टिकलला सात मुलं आली, पुढच्याला चार. दिवाळीनंतर कुणीच आलं नाही. मार्चमध्ये ऐंशी जर्नलं टेबलावर आली. परीक्षक घड्याळ बघत होते. मी सगळ्यांवर सह्या केल्या.

साळवींचा एकच मेसेज आला होता, प्रवेश संपल्यावर, ऑगस्टमध्ये कधीतरी. 'मधुराचे हार्ट नॉर्मल आहे. दवाखान्यात तपासले.' नाव नाही, नमस्कार नाही. मी लिहिलं, 'देवाची कृपा. एकदा घरी भेटायला येऊ का?' त्यांनी वाचल्याच्या दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. मी दोन दिवस फोन हातातून खाली ठेवला नाही. उत्तर आलं नाही, आणि पुन्हा विचारण्याचं धाडस मला अजून झालेलं नाही.